डावीकडची जागा

“मावशी, चालू द्या तुमचं. माझी अडचण नाही ना?” असं म्हणत पुण्याच्या बाई कॉफीचा मग घेऊन विरूपाक्षांच्या डोक्यावर बसल्या.

डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावरच. लिंगायतांत गेलेल्या माणसाला मातीत आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवतात. त्या सारवलेल्या ओट्याखाली उमाबाईंचा नवरा तलावाकडे तोंड करून बसलेला होता आणि वर ह्या बाई, त्याही तलावाकडेच तोंड करून. उमाबाई शेणाची बादली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पाहुण्यांना काही बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता.

“न्हाई ताई, बसा,” त्या म्हणाल्या. “मी तवर खोल्या सारवून घेते.”

शिरूर अनंतपाळच्या अलीकडे तलावाच्या काठावर हे ‘माळरान’ इको लॉज उभं राहिलं होतं. मातीच्या खोल्या, वर पाचटाचं छप्पर, टीव्ही नाही, एसी नाही. पहाटे पक्षी बघायचे, दिवसा होडी वल्हवायची, रात्री चुलीवरची भाकरी खायची. ज्या गोष्टींना कंटाळून इथली पोरं लातूर-पुण्याला पळाली, त्याच बघायला लातूर-पुण्याची माणसं गाड्या करून येत होती. हसावं की रडावं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

रान उमाबाईंचंच होतं. लेक वीरेश लातुरात टाइल्सच्या धंद्यात रमला, कसायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यानं ते लातूरच्या राजशेखरना विकून टाकलं. राजशेखरही लिंगायतच, गळ्यात लिंग असलेले. व्यवहाराच्या दिवशी त्यांनी हातात विभूती घेऊन शब्द दिला होता, “समाधीला हात लावणार न्हाई.” तेवढ्या शब्दावर उमाबाईंनी मान डोलावली. मुलाच्या तिसऱ्या मजल्यावर त्या गेल्या नाहीत. वस्तीवरच राहिल्या आणि आपल्याच रानात सारवणाच्या कामाला लागल्या.

राहण्याचं कारण एकच होतं. विरूपाक्ष गेले त्या दिवशी खड्डा घेताना जंगम स्वामींनी डाव्या अंगाची जागा हातानं साफ केली होती आणि म्हणाले होते, “उमाबाई, ही तुमची. अर्धांगीची.” रडण्याच्या भरात बाकीचं काही ऐकू आलं नव्हतं, पण हे आलं. पुढची सगळी वर्षं त्यांनी त्या वाक्याच्या आधारावर काढली. आपल्याला कुठं जायचंय हे ज्याला ठाऊक असतं, त्याला वाटेतल्या खाचखळग्यांचं फारसं वाटत नाही.

चूक काढायचीच तर उमाबाईंच्या हाताची काढावी लागेल. दर सोमवारी त्या समाधीचा ओटा असा काही सारवायच्या, की बोट फिरवावंसं वाटे. वर रांगोळी, बेलाचं पान. कुणी तरी फोटो काढला, तो मोबाईलवर फिरला आणि येणारा जो तो विचारू लागला, सूर्योदय बघायची ती मातीची बैठक कुठं आहे? मॅनेजर शारिक नांदेडचा, भला पोरगा. तो पाहुण्यांना सांगायचा, की ही कबर आहे, बसू नका. पाहुणे ‘सॉरी’ म्हणत उठायचे. दुसऱ्या दिवशी दुसरे यायचे.

शेवटी एके दिवशी राजशेखर स्वतःच आले. त्या दिवशी वीरेशही आला होता.

“शरणार्थ, उमाक्का. लोकं दादांच्या समाधीवर बसून राहिलेत, मला बघवंना. म्हणून लाकडी डेक करतो. वरून जाईल, खाली दादा निवांत. लोकं वर बसतील, योगा करतील. शब्द दिल्याला हाय, समाधीला धक्का लागणार न्हाई. तुम्ही फक्त कुठून कुठवर ते आखून द्या. खांब त्याच्या बाहेर घेतो.”

उमाबाईंना बरं वाटलं. मालक असावा तर असा. त्यांनी काठी घेतली आणि ओट्याभोवती रेघ ओढायला लागल्या. डाव्या अंगाला येऊन काठी थांबली.

“अन् हितं...”

“हितं काय?” वीरेशनं विचारलं.

“हितं माझं...”

“माय! श्रावण लागलाय, कायबी अभद्र बोलू नको.”

तो रागावला नव्हता, घाबरला होता. आईचं मरण कुठल्या लेकाला ऐकवतं? राजशेखर तेवढ्यात फोनवर बोलत लांब गेले होते. उमाबाईही ओशाळल्या. भरल्या शिवारात उभं राहून आपल्या मरणाची जागा आपणच मागायची, हे अवलक्षणच की. आणि सांगायचं तरी कुणाला? डावी जागा अर्धांगीची, हे लिंगायत माणसाला ठाऊक नसेल? त्यांनी रेघ ओट्याला लागूनच वळवून घेतली.

मग पुतणी वर्षाराणीच्या बाळंतपणाला त्या उदगीरला गेल्या. परत आल्या तेव्हा डेक उभा होता. समाधीला खरंच ओरखडासुद्धा नव्हता. तिच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, काँक्रीटचा जाडजूड खांब जमिनीत गेला होता.

“शारिक, हे रे काय केलं?”

“काय झालं मावशी? तुम्ही आखलं त्याच्या बाहेरच घेतलाय. मी सोता उभा होतो.”

“हितं मला बसायचं होतं रे.”

शारिकला आधी कळलंच नाही. मग त्यानं समाधीकडे बघितलं, खांबाकडे बघितलं.

“या अल्ला. मावशी, एक बार बोलायचं होतं की! आम्ही काय परके हाव का?”

त्यानं लगेच मालकांना फोन लावला. राजशेखरांचा आवाज मऊ होता. “उमाक्का, आता कसं काढायचं सांगा? सगळा भार त्याच खांबावर हाय. अन् खरं सांगू का, पाहुणे असताना पुढं तसला विधी हितं जमायचा न्हाई. गावात आपल्या लोकांना पुरायला रुद्रभूमी हाय की. मी सोता उभं राहून सगळं करीन, शब्द देतो.” उमाबाईंच्या पदरात आणखी एक शब्द पडला.

वीरेशही फोनवर समजूत काढत होता. “माय, तू लातूरला ये. हितली रुद्रभूमी लई चांगली केलीय. फरशी मीच दिलीय.”

उमाबाई हो म्हणाल्या. नवरा गेला तेव्हा त्या एकट्या पडल्या नव्हत्या, तो नुसता पुढं जाऊन बसला होता. विधवा त्या आज झाल्या. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगायची वेळही निघून गेली होती.

सोमवारी त्या बादली घेऊन डेकच्या खाली गेल्या. आत वाकूनच जावं लागत होतं. वर योगाचा वर्ग चालला होता, फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आणि माणसांचे पाय दिसत होते. उमाबाईंनी ओटा नेहमीसारखा सारवला. रांगोळी काढली, बेलाचं पान ठेवलं. आता फोटो काढायला इथं कुणी येणार नव्हतं.

बादलीच्या तळाशी थोडं शेण उरलं होतं. ते त्यांनी खांबाला लावलं. काँक्रीटवर ते नीट बसेना, म्हणून पुन्हा पुन्हा हात फिरवला.

“आता सगळे आडवे व्हा,” वर कुणी तरी सांगत होतं. “अंग सैल सोडा. डोळे मिटा. काही मागू नका.”

उमाबाईंनी कनवटीची विभूती काढली, तीन बोटं नवऱ्याच्या समाधीवर ओढली, आणि मग तीच तीन बोटं ओल्या खांबावर. घटकाभर त्या खांबाला पाठ टेकून, मांडी घालून, तलावाकडे बघत बसल्या. मग बादली उचलून वाकत वाकत बाहेर आल्या. खोल्या सारवायच्या राहिल्या होत्या.