माझ्यावरचं प्लॅस्टिक

बोलणं माझं काम नाही. दाखवणं माझं काम. तरी आज बोलतो. मी बोरगाव मेघेतल्या मंजुषाताईंच्या ऑनलाइन सेंटरमधला मॉनिटर.

वर्ध्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक चकचकीत मॉनिटर होता. ताईंचे वडील चंद्रभानजी त्याच्यावरच भाळले. "हाच घे. पाह्य, कसा झगमग करून राह्यला! तो दुसरा तं राख फासल्यासारखा दिसते."

ताईंनी आम्हा दोघांना दाराच्या उजेडाकडे वळवलं. "बाबा, याच्यात तं तुमची टोपीच दिसते. फॉर्म काय टोपीवर वाचू?"

असा मी, मॅट म्हणजे न चकाकणाऱ्या पडद्याचा, त्यांच्या घरातल्या सेंटरमध्ये आलो.

पण ताईंच्या आईनं, शकुबाईंनी, बजावलं, "वरचं प्लॅस्टिक काढू नोको. नवी वस्तू हाय." त्यांच्या फ्रिजच्या दांड्यावरचंही अजून निघालं नव्हतं.

सेंटरचं दार पश्चिमेला. दुपार कलली की त्या चकचकीत प्लॅस्टिकवर सारा रस्ता उतरायचा. सायकली, भाजीची गाडी, समोरचा कडुनिंब. ताई डोळे चोळत राहायच्या. एकदा एका मुलीचे ८८ टक्के ८३ भरले गेले. तिच्या आईनं वेळेत पाहिलं म्हणून निभावलं.

त्या दिवशी ताई रडवेल्या झाल्या. "आई, सेंटर बंदच करून टाकू. लोकाईच्या पोरींचं नुकसान नाई करायचं मले."

"म्या तं पह्यलेच सांगतलं होतं, चमकता घे!" म्हणत चंद्रभानजी मला परत करायला माझा खोका शोधू लागले.

शकुबाई माझ्यापुढे येऊन बसल्या. डोळे बारीक करून पाहू लागल्या. "अवं, याच्यात तं मीच दिसून राह्यली. अक्षरं कुठं हायेत?"

मग त्यांनी कोपऱ्यात नख घातलं आणि सरकन प्लॅस्टिक ओढलं. रस्ता गेला, अक्षरं उरली.

"याचा काई दोष नाई," त्या हळूच म्हणाल्या. "चूक माही व्हय."

माझी बाजू घेणारं ते पहिलं माणूस. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि मला उजेडात पारखून घेणाऱ्या ताईंचेही.

आता ऊन माझ्यावर पडतं, पण मऊ होऊन पसरतं. कुणी मला फिका म्हणतं, म्हणू दे. फक्त ओल्या फडक्यानं मला खसाखसा घासू नका, एवढीच विनंती.

काल दुपार कलल्यावर एक मुलगी अकरावीचा फॉर्म भरायला आली. ताईंनी मला तिच्याकडे वळवलं. तिनं नाव, आईचं नाव, गुण, सारं बोट फिरवत वाचलं.

"बरोबर हाय, ताई," ती म्हणाली. "पाठवा."