ठपका दिव्यावर

मी दिवा बोलतोय, ट्रॅक्टरच्या केबिनमधला. सध्या माझा मुक्काम अवजारांच्या खोलीत, गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात आहे. या घरात माझं नाव निघालं की माणसं तोंड वाकडं करतात. "काय दिवे लावले त्यानं," असं धाकटा चारचौघांत म्हणतो आणि लोक हसतात. माझी बाजू आजवर कुणी विचारली नाही, तेव्हा मीच सांगतो.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात माझ्यासारखे ढिगानं निघत होते. चपटं गोल अंग, पांढरं झाकण, बाजूला बोटाएवढं बटण. खोक्यावर एका हसऱ्या ड्रायव्हरचं चित्र होतं, आणि मी भाबडा तेच माझं भविष्य समजून बसलो.

मला विकत घेतलं थोरल्यानं. घरात दोन भाऊ, दोन जावा आणि एकच ट्रॅक्टर. ट्रॅक्टर थोरला चालवायचा, बाकीची मरमर धाकट्याची. थोरल्याच्या नांगराचे तास दोरी धरल्यासारखे सरळ असायचे. लोक बांधावर थांबून बघायचे, आणि लोक बघताहेत हे त्याला न वळताही कळायचं. धाकट्याच्या मनात स्टिअरिंग होतं, पण भावासमोर बोलायची त्याची छाती नव्हती.

मला बसवायला वायरमन आला तेव्हा भर दुपार होती.

"आत दिवा कशाला, दादा? मीटरच्या काट्यांना त्यांचा उजेड आहे की."

"अंधारतं हल्ली आत. गिअरचे दांडे दिसत नाहीत."

वायरमननं एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि "तुमची मर्जी" म्हणत कामाला लागला. माणूस कामाचा पक्का होता. छताचं अस्तर हळूच सोडवून त्यानं फ्यूजच्या पेटीपासून वायर वर आणली, केबिनच्या खांबाच्या रबराखाली दडवली, दोन भोकं पाडून मला घट्ट बसवलं. बटण दाबलं, मी लागलो. एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

तो गेल्यावर थोरल्याची बायको केबिनच्या दाराशी आली. घरात तिला वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

"दिव्यानं काय होणार आहे? डॉक्टरकडे चला म्हणते तर ऐकत नाही तुम्ही."

"हळू बोल. धाकट्याच्या कानावर गेलं तर उद्यापासून तो वर बसेल आणि मी मागं पिन धरून उभा राहीन."

वहिनीनं केबिनचं दार लावून घेतलं. नवऱ्याचा तोरा तिलाही प्यारा होता.

पिन धरणं म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच अडली आहे. ट्रॉली जोडायची तर ट्रॅक्टर मागं घ्यावा लागतो, आणि मधे एकानं, दोन्हीकडची भोकं जुळली की खुपसायची ती लोखंडी पिन घेऊन उभं राहावं लागतं. ते काम वहिनीचं. केबिनला काचा, इंजिनाचा आवाज, त्यामुळे हाक पोचत नाही. म्हणून नवराबायकोनं खुणा ठरवल्या होत्या. उघडा पंजा म्हणजे ये. मूठ म्हणजे थांब.

मी थोरल्याच्या डोक्यावर वीतभर उंच. तो वर बघायचा तेव्हा त्याचे डोळे मला सरळ दिसायचे. दोन्ही बुबुळांवर दुधावर धरावी तशी साय धरली होती. बिचारा मला दिवसाढवळ्या लावायचा. माझं बटण शोधताना बोटं आधी छतावर चाचपडायची, मग आरशावर, मग माझ्यावर. मी जीव तोडून जळायचो, पण उजेड पाडणं माझ्या हाती, बघणं त्याचं त्यालाच करायचं होतं. तास तो सवयीनं मारायचा, दांडे हाताला पाठ होते. सवयीनं न कळणारी एकच गोष्ट होती, वहिनीचा हात.

त्या दिवशी सूर्य मावळायला आला होता, पण उजेड अजून चांगला होता. मी बंद होतो. हे नीट ऐकून ठेवा, मी बंद होतो. ट्रॅक्टर मागं चालला होता. एका हातानं पिन भोकाशी धरून वहिनीनं दुसऱ्या हाताची मूठ दाखवली. तो मान वळवून बघत होता, डोळे बारीक करून बघत होता, आणि मूठ की पंजा हे त्याला कळलं नाही. त्यानं 'ये' असं समजून क्लच पूर्ण सोडला.

किंकाळी काचेतूनही आत आली. त्यानं ब्रेक दाबला. धाकटा धावत येताना दिसला. आणि मग, खाली उतरण्याआधी, थोरल्यानं हात वर केला आणि माझं बटण दाबलं. तेव्हा मात्र बोट चाचपडलं नाही.

लोक जमले तेव्हा मी लख्ख पेटलेलो होतो.

"आत दिवा लागलेला," थोरला रडत सांगत होता, "काचेत नुसतं माझंच तोंड दिसलं." रडणं खरं होतं. खोटं होतं ते बाकीचं.

वहिनीची दोन बोटं गेली. दवाखान्यातून आल्यावर धाकट्या जावेनं तिला ट्रॅक्टरपाशीच, सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, खरंच दिव्यामुळं झालं?"

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "हो," ती म्हणाली, "दिवाच नडला."

माझा राग खरं तर तिच्यावर जास्त आहे. तो भित्रा होता, पण हिनं दोन बोटं देऊनही खोट्याची पाठराखण केली. धाकट्यानं स्क्रूसुद्धा न काढता मला ओढून उपटलं. झाकण फुटलं, वायर तुटली. भावासाठी काहीतरी केल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

मला परत लावा असं माझं म्हणणं नाही. फुटक्या झाकणाची हौस फिटली आहे. तुमच्यापैकी कुणी या घरी आलात तर थोरल्याला एकदा उजेडात बसवा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. धाकट्यालाही बघायला लावा. उशीर नको, कारण ट्रॅक्टर अजून थोरलाच चालवतो.

आताच खोलीच्या दारात दोघी जावा येऊन उभ्या राहिल्या. वहिनीला पिन धरवत नाही, म्हणून तिनं ती धाकटीच्या हातात दिली.

"उघडा पंजा म्हणजे ये. मूठ म्हणजे थांब. दाखव बघू."

धाकटीनं दोन्ही करून दाखवलं. "आणि दादांना नाही दिसलं तर?"

वहिनीचा पट्टी बांधलेला हात पदराखाली गेला. बाहेर इंजिन सुरू झालं होतं.

"दिसेल," ती म्हणाली. "आता दिवा काढलाय ना."