आखूड केबल

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ठमीनं ऑफिसात घरून काम करायची परवानगी मागितली. ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी हट्टाला पेटली की भर रस्त्यात फतकल मारायची, म्हणून आईनं पाडलेलं. चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. बस कंपनीत वेळापत्रकं लावायचं तिचं काम. एका स्क्रीनवर गाड्यांच्या फेऱ्या, दुसऱ्यावर ड्रायव्हरांच्या पाळ्या, आणि दिवसभर दोन्हींचा मेळ घालत बसायचं. ऑफिसात दोन मोठे स्क्रीन होते. घरी एकुलता एक लॅपटॉप. त्यात डोळे ताणून बघता बघता तिनं पहिल्याच आठवड्यात एका ड्रायव्हरला एकाच वेळी दोन गाड्यांवर बसवलं.

साहेब म्हणाले, "घरून जमत असेल तर बघा, नाहीतर ऑफिसात या."

या म्हणे! घरात दोघीच. आईला कुणाच्या भरवशावर टाकून यायचं?

म्हणून तिनं एक पोर्टेबल मॉनिटर मागवला. वहीएवढा पातळ. लॅपटॉपच्या शेजारी उभा करायचा, एक केबल जोडायची की झालं, असं खोक्यावर लिहिलं होतं. झालं कसलं! पहिला अख्खा दिवस तो ठार काळा. दिवा लागे, चित्र येईना. शेवटी मॉनिटर कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या माणसानं विचारलं, "मॅडम, केबल कुठली लावलीत?" तर हिनं लावलेली फोन चार्ज करायची. ती नुसती वीज नेते, चित्र नेत नाही. चित्राची केबल खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याखाली होती. ती काढून लॅपटॉपच्या उजव्या बाजूला खुपसली, तर "सिग्नल नाही". डाव्या बाजूला खुपसली आणि लख्ख चित्र आलं.

"उजवं पोर्ट फक्त चार्जिंगचं असणार," तो माणूस म्हणाला. "स्क्रीन डावीकडेच ठेवावा लागेल. नाहीतर लांब केबल मागवा."

केबल होती जेमतेम वीतभर. आणि टेबलाच्या डाव्या टोकाला, अगदी खेटून, आईची खाट. भाड्यानं आणलेली, लोखंडी, डोक्याकडून वर उचलता येणारी. एवढ्याशा खोलीत ती दुसरीकडे कुठे मावतच नव्हती.

स्क्रीन उभा राहिला आणि ठमी आईला दिसेनाशी झाली.

"काय गं ठमे, माझ्या वाट्याला ह्याची पाठ आली होय?" आई पलीकडून म्हणाली. "दिवसभर काय ही काळी पाटी बघू? तुझं तोंड तरी दिसू दे."

"गुरुवारी लांब केबल येतेय, आई. मग उजवीकडे लावते. चार दिवस कळ काढ."

आई जन्मभर शिवणकाम करून जगलेली. घरात काम, बाहेर काम, आणि समोर मशीनपाशी गृहपाठ करत बसलेली ठमी; तिची सगळी वर्षं अशी समोरासमोर गेली होती. आता खाटेवर पडल्या पडल्या दुसरं काही मागत नव्हती बिचारी. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान तेवढं तिनं अजून बोटात ठेवलं होतं. काही हवं असलं की त्यानं खाटेच्या लोखंडावर टकटक करायची. ठमी स्क्रीनवरून मान उंचावून विचारायची, "काय गं?" आई म्हणायची, "काही नाही. आहेस का ते बघितलं."

बुधवारी सकाळी वेगळंच खूळ निघालं. माउसचा बाण डाव्या स्क्रीनवर जाईचना. उजवीकडे न्यावा तर डावीकडून उगवायचा. दुसरा स्क्रीन उजवीकडे आहे असं लॅपटॉपनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मीटिंगला दहा मिनिटं राहिलेली, ठमी सेटिंगमध्ये शिरून स्क्रीनच्या चौकोनांची अदलाबदल करतेय, आणि पलीकडून आई.

"ठमे, मी काय म्हणते, तूच टेबलाच्या पलीकडे जाऊन बस ना. खिडकीकडे तोंड करून. मी नाही का उजेड बघून मशीन फिरवायची?"

"आई, तुला त्यातलं काडीचं कळत नाही! जरा गप्प बसशील का?"

आई म्हणाली, "बरं बाई."

ठमीनं चौकोन सरकवले. बाण सुतासारखा सरळ झाला. तिनं कानांना हेडफोन चढवला आणि मीटिंगमध्ये बसली.

तासाभरानं हेडफोन काढून तिनं विचारलं, "आई, चहा टाकू?"

उत्तर नाही. रुसली, ठमीनं मनाशी म्हटलं. आईचं रुसणं तिला पाठ होतं, घटकाभर अबोला आणि मग आपणहून काहीतरी कुरकूर. रुसू दे. संध्याकाळी पाय चेपून दिले की येईल ताळ्यावर. आणि ती पुन्हा पाळ्या लावायला बसली. आणखी चाळीस मिनिटं बसली. शेवटच्या फेरीचा ड्रायव्हर सापडल्यावरच उठली, दोन कप चहा केला आणि खाटेकडे गेली.

आईचं तोंड स्क्रीनकडे वळलेलं होतं. हात खाटेच्या लोखंडावर.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, दीडेक तास झाला असेल, तुम्हाला कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सांगायला काय जातं? ती खाटेपासून दोन हातांवर बसली होती. दोन हातांवर! आईनं टकटक केली की नाही, हे आता तिला कोण सांगणार होतं?

लांब केबल ठरल्याप्रमाणे गुरुवारी आली. घर माणसांनी भरलेलं होतं. कुणीतरी सही केली आणि पाकीट दाराजवळ चपलांच्या कपाटावर ठेवलं. तिथं ते नऊ दिवस पडून राहिलं.

दहाव्या दिवशी खाटवाले खाट न्यायला येणार होते आणि साहेबांनीही हळूच विचारलं होतं, सुरू करताय ना? ठमीनं पाकीट फोडलं. केबल डाव्या पोर्टात लावली, लॅपटॉपच्या मागून फिरवली, स्क्रीन उजवीकडे नेला. पहिल्या झटक्यात चित्र आलं. तिनं डावीकडे बघितलं. उशीपासून पायथ्यापर्यंत सगळी खाट दिसत होती.

तेव्हा तिला आईचं ते बोलणं आठवलं, तूच टेबलाच्या पलीकडे जाऊन बस ना. ते चुकीचं असणार, ती स्वतःला सांगू लागली. केबल पुरणारच नाही. तसं बसायला जागाच नसेल. चुकीचंच असू दे, आई, एवढं एक चुकीचं असू दे.

तिनं लांब केबल काढून टाकली. खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे ठेवली, खिडकीकडे तोंड करून. लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. आखूड केबल डाव्या पोर्टात, स्क्रीन डावीकडे, भिंतीच्या बाजूला. चित्र आलं. उजेडही छान पडला, पूर्वी स्क्रीनवर खिडकीची तिरीप यायची तीही गेली. अर्धं मिनिट लागलं. फार तर अर्धं.

आता खाट उजव्या हाताला होती आणि मध्ये काहीच नव्हतं.

"तुला कळत होतं गं," ठमी म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

दाराची बेल वाजली. खाटवाले आले होते, दोघं जण, हातात नट सोडवायचे पाने घेऊन. त्यांनी उघड्या दारातून आत डोकावून विचारलं, "सोडवायची ना, ताई?"

"पाच मिनिटं थांबाल का?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

ते बाहेर थांबले. ठमीनं लॅपटॉप मिटला, पदरानं तोंड पुसलं, आणि उशीकडे तोंड करून पाच मिनिटं नुसती बसून राहिली.