उसने आजोबा

"मधलं 'मला वाटतं' काढून टाक, ताई. मुलाखतीत 'मला वाटतं, मला वाटतं' करणारी माणसं कच्ची दिसतात," मू जिंग जिन्याच्या पायरीवर मांडी घालत म्हणाली. "आणि आजोबांपासून घे. तिथंच तुझा आवाज बदलतो. छान बदलतो."

लुआन हाइयुन भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्या कॉलेजात सगळेच तसे उभे राहत. एम.ए.ची प्रवेशपरीक्षा देणारी पोरं मार्गिकेच्या दोन्ही भिंतींशी ओळीनं उभी राहून मोठ्यानं पाठ करत. पाठीला पाठ लावून कोणी राज्यशास्त्र घोकत असे, कोणी इंग्रजी, आणि कोणाचं कोणाच्या कानात जात नसे. लेखी पास होऊन मुलाखतीची तयारी करणारे तेवढे जिन्यात येऊन बसत. हाइयुन यंदा जिन्यात आली होती. चौथ्या खेपेला.

"आमच्या गावच्या ओढ्यावर एक दगड होता," तिनं सुरुवात केली. "बायका त्यावर धुणं धुवायच्या. आजोबा मला संध्याकाळी तिथं न्यायचे. दगडावर जुनी अक्षरं कोरलेली होती. आजोबांना वाचता येत नव्हतं. ते माझं बोट धरून अक्षरांच्या खाचेतून फिरवायचे आणि विचारायचे, काय असेल गं हे? मी इतिहासाकडे आले ती त्या खाचेतून."

"वा," जिंग म्हणाली. तिचे डोळे खरंच पाणावले होते. "परत एकदा."

हाइयुननं परत एकदा सांगितलं. जिंगनं कुठं थांबायचं ते सुचवलं, तिनं ते ऐकलं.

परीक्षेला तिथली पोरं लढाई म्हणतात आणि पास झालेला किनाऱ्याला लागला म्हणतात. पहिल्या लढाईवाल्याला कोणी विचारत नाही. चौथ्या लढाईवाल्याकडे मात्र साथीच्या रोग्याकडे बघावं तसं बघतात, जरा लांबून. हाइयुन अठ्ठावीस वर्षांची होती. कॉलेज सुटून सहा वर्षं झाली तरी ती मागच्या फाटकाबाहेर खोली घेऊन राहत होती आणि रोज आत येऊन बसत होती. फाटकावरचा शिपाई तिला प्राध्यापक समजून नमस्कार करी. तिनं त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. एवढ्या एका नमस्कारावर तिचा दिवस निघे.

घरून आईचा फोन येई तो वेगळ्या सुरात. मामाचं लसणाचं शीतगृह होतं, तिथं हिशेबाला माणूस हवं होतं. "यंदा शेवटचं," आईनं बजावलं होतं. "नाही झालं तर गुपचूप घरी ये. लसूण काही मुलाखत घेत नाही. लग्नाचं तर मी बोलणंच सोडलंय."

हाइयुननं कबूल केलं होतं. त्यामुळे आता जे काही होतं ते हेच होतं. प्रांताच्या राजधानीतलं विद्यापीठ, प्राचीन इतिहास, सहा जागा, मुलाखतीला आठजण. लेखीत ती चौथी होती. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला रात्री झोप लागत होती.

जिंग गेल्या उन्हाळ्यात घडीचं स्टूल बगलेत मारून आली होती. बावीस वर्षांची, चुणचुणीत. "ताई, तुझ्या शेजारी उभी राहू?" असं विचारलं आणि राहिली. ती हाइयुनसाठी उकळत्या पाण्याचा थर्मास भरून आणायची, पहाटे तिची जागा धरायची, पुस्तक झाकून प्रश्न विचारायची. बदल्यात हाइयुन तिला शिकवायची. तिला शिकवायला फार आवडे. चार वर्षांत कोणी तिला काही विचारलं नव्हतं, आणि ही पोर दर दोन वाक्यांमागे ताई म्हणायची.

अर्ज कुठं भरलाय हे त्या मार्गिकेत कोणी कोणाला विचारत नाही. विचारलं तर समोरचा खोटं सांगतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. एकाच जागेवर डोळा असलेल्या दोघी एकमेकींचं पाठांतर कशा घेतील? तरी हाइयुननं एकदा विचारलंच होतं.

"दक्षिणेला," जिंग म्हणाली होती. "समुद्र दिसला पाहिजे मला."

हाइयुननं विश्वास ठेवला. चार वर्षं काढलेल्या बाईनं ठेवायला नको होता. पण ताई म्हणणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे ताईपण सोडायचं, आणि ते तिच्यानं झालं नाही.

मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांना एका वर्गात बसवून फोन काढून घेतले. पहिल्या बाकावर पांढऱ्या शर्टात जिंग बसली होती.

हाइयुन दारातच थबकली. मग जाऊन तिच्या शेजारी बसली.

"दक्षिण इथं कधी आली गं?" तिनं हळूच विचारलं.

जिंगनं मान खाली घातली. "शेवटच्या आठवड्यात अर्ज बदलला. सांगणार होते, ताई. पण तुझं लक्ष उडालं असतं. लेखीत मी आठवी आहे. तुला माझा कसला धोका?" आणि जरा वेळानं म्हणाली, "दोघी लागू की आपण."

हाइयुनला राग आला, पण तो गिळून तिनं आत जायच्या क्रमाची चिठ्ठी उचलली. जिंगचा नंबर दुसरा आला, तिचा पाचवा. आत जाताना जिंगनं तिच्याकडे पाहिलं नाही. बाहेर पडलेल्याला दुसऱ्या दारानं नेत, त्यामुळे ती परत दिसलीही नाही.

आत तीन पुरुष आणि एक बाई बसल्या होत्या. स्वतःविषयी सांगा, असं मधल्या टकल्या प्राध्यापकांनी सांगितलं.

"आमच्या गावच्या ओढ्यावर एक दगड होता," हाइयुन म्हणाली. "बायका त्यावर धुणं धुवायच्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कडेच्या तरुण प्राध्यापकाला हसू आवरेना, त्यानं चहाचा पेला तोंडाला लावला. हाइयुनला कळलं. लगेच कळलं. तरी तोंड पाठांतराला इतकं सरावलेलं होतं की पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "आजोबा मला संध्याकाळी तिथं न्यायचे."

"थांबा," टकले प्राध्यापक म्हणाले. "तुमच्या जिल्ह्यात सगळ्यांचे आजोबा एकाच दगडावर नेतात का?"

"सर, ते माझे आजोबा आहेत."

"असतील ना. क्लासवाल्यांनी किती जणींना विकलेत?"

तरुण प्राध्यापक आता उघड हसला. "मी कुठल्या क्लासला गेले नाही," हाइयुन म्हणाली. " तो दगड आमच्या गावात आहे. अजून आहे."

"बरं, काय कोरलंय त्यावर?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज वाईट नव्हता. हाइयुनला वाटलं, इथं आपण वाचू. तिनं मोठेपणी जाऊन तो दगड सगळा वाचला होता.

"सरकारी धान्यकोठाराच्या छपराची डागडुजी झाली, त्याची नोंद आहे. बाकी झिजलंय."

"एवढंच?"

"एवढंच."

बाई टकल्या प्राध्यापकांकडे वळल्या. "त्या मुलीच्या दगडावर दुष्काळ होता. सासऱ्यानं सून विकली आणि मागून पश्चात्तापानं दगड कोरून घेतला. मला खरं सांगायचं तर गलबलून आलं."

"उसनं घ्यायचं तर नीट तरी घ्यावं," टकले प्राध्यापक म्हणाले आणि समोरचा कागद बघू लागले. "चौथी खेप ना तुमची? चार वर्षांत एवढीच तयारी झाली?"

ती खोटं बोलतेय, हे वाक्य हाइयुनच्या ओठावर आलं होतं. पण तेही उसनंच वाटलं असतं. "विषयातलं विचारा, सर," ती म्हणाली. त्यांनी विचारलं. तिनं सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. कोणी काही लिहून घेतलं नाही.

निकाल संध्याकाळी विभागाच्या दारावर लागला. जिंग पाचवी होती, हाइयुन सातवी.

"तुझा नंबर जाईल असं वाटलं नव्हतं गं मला," जिंग मागून म्हणाली. ती रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "माझे आजोबा ट्रक चालवायचे, ताई. मी काय सांगणार होते त्यांच्याबद्दल?"

"ट्रकचं सांगायचं," हाइयुन म्हणाली.

तिला जिंगच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यात कोणाला मारावंसं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. पण आजूबाजूला माणसं होती आणि तिचे हात तसे नव्हते. ती पायऱ्या उतरून फाटकाकडे निघाली. जिंग चार पावलं मागून येत राहिली.

फाटकाशी जिंगची आई उभी होती. गुबगुबीत, लाल कोटातली बाई, हातात उकडलेल्या अंड्यांचा डबा. तिला निकाल फोनवर आधीच कळलेला होता.

"तूच ना ती ताई?" तिनं हाइयुनचा हात दोन्ही हातांत धरला. "आमची जिंग सारखं तुझंच नाव घेते. ताईनं हे शिकवलं, ताईनं ते शिकवलं. अंडं घे. घे गं, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुझं तोंड."

हाइयुननं अंडं घेतलं.

"तिकडं तिचे आजोबा फटाक्यांची माळ घेऊन अंगणात बसलेत. चार फोन झाले दुपारपासून. ट्रकवरचा माणूस, त्यांना कुठला आलाय धीर."

"आई, पुरे," जिंग म्हणाली.

"का पुरे? आनंदाचं बोलायचं नाही का? तुझं काय झालं गं, पोरी?"

"माझं नाही झालं, काकू."

"अगं बाई." जिंगच्या आईचा चेहरा खरोखर पडला. तिनं डब्यातलं आणखी एक अंडं काढून हाइयुनच्या हातात ठेवलं. "पुढच्या वर्षी होईल. तू तर शिकवणारी, तुला काय अवघड आहे?"

हाइयुन हो म्हणाली. दोन्ही अंडी तिनं कोटाच्या खिशात टाकली.

"जाता जाता आमचा एक फोटो काढतेस? तुला कळतं कसा काढायचा तो. वरची विद्यापीठाची पाटी सगळी येऊ दे हं. आजोबांना वाचता येत नाही, पण बघतील तरी."

जिंग म्हणाली, "नको, आई." आईनं तिला ओढून फाटकाखाली उभं केलं आणि तिच्या शर्टाची कॉलर नीट केली. हाइयुननं फोन घेतला. पाटी लांबलचक होती, मावेना. ती मागे सरकत सरकत रस्त्यावर आली. एका टॅक्सीवाल्यानं तिला शिवी हासडली. ती तिथंच उभी राहिली, आणि पाटीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर नीट दिसेपर्यंत तिनं बटण दाबलं नाही.

फोटोत जिंगचे डोळे मिटलेले आले होते. हाइयुननं ते तिला सांगितलं आणि दुसरा काढला.