नंबर जुळत नाही

क्लाइव्ह प्रॉबर्टच्या हातांची मला किळस येते. पांढरे, मऊ, बोटांवर तेलाचा एक डाग नाही, आणि धंदा म्हणे जुन्या बंदुकांचा! आमच्या हेरफर्डशर परगण्यातल्या गुरांच्या बाजारात महिन्यातून एकदा जुन्या वस्तूंचा लिलाव होतो. जुन्या दुनळी बंदुका शोधत मी तीस वर्षं तिथे जातोय. त्या शनिवारी त्याच हातांनी केलेली घाण मी डोळ्यांनी पाहिली.

लिलावाआधी माल हाताळून बघू देतात. टेबलावर आयव्हरची बंदूक होती. आयव्हर माझा शेजारी, मार्चमध्ये गेला. बंदूक त्याच्या आजोबांनी बर्मिंगहॅमला बनवून घेतलेली. "एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही!" हे पबमध्ये चाळीस वर्षं ऐकून आमचे कान किटले होते. पण ते खरं होतं. अशा बंदुकीच्या प्रत्येक भागावर एकच नंबर कोरलेला असतो, आणि सगळे जुळले तरच तिला मोल.

प्रॉबर्टने नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढला. शेजारच्या एका भंगार बंदुकीचाही काढला. दोन्ही न्याहाळल्यासारखं केलं आणि अदलाबदल करून बसवले. मग लिलाववाल्याकडे जाऊन साळसूदपणे म्हणाला, "अहो, आयव्हरच्या बंदुकीचा नंबर जुळत नाही हं. लोकांना सांगा बरं, उगाच कुणाची फसवणूक नको."

वर हे! मी त्याची कॉलर धरणार, तेवढ्यात तोच माझ्या कानाशी आला.

"पाहिलंस ना? मग असं कर. दोन्ही बंदुका तू घे, मी बोली लावत नाही. पुढच्या महिन्यात तू माझ्याविरुद्ध बोली लावायची नाहीस. काय?"

ती बंदूक मला वीस वर्षं हवी होती. मी म्हणालो, "बरं."

लिलाववाल्याने माइकवरून सांगितलं, नंबर जुळत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही!" सगळी शेड खो खो हसली. पुढच्या रांगेत आयव्हरची बायको डिलिस बसली होती. तिच्या हातातला चहा हातातच राहिला. साध्या सायकलीच्या किमतीत आयव्हरची बंदूक माझी झाली, भंगार तर जवळजवळ फुकट.

परवाना दाखवून दोन्ही गाडीत ठेवत होतो, तर डिलिस आली.

"तू घेतलीस ते बरं झालं, रोलंड. त्या प्रॉबर्टच्या घशात तरी नाही गेली."

मी दोन्ही बंदुका घोंगडीखाली सरकवल्या.

"तुला बंदुकांतलं कळतं म्हणून विचारते. तो भाग बदललाय हे आयव्हरला ठाऊक असेल का रे? की जाणूनबुजून थापा मारायचा?"

"ते कसं सांगणार?"

"त्याच्या थडग्यासाठी दगड घडवायला दिलाय. नावाखाली लिहायला सांगितलंय, 'शब्दाचा सच्चा'. सोमवारी कोरणार आहेत. लोक तिथेही हसतील. थांबवू का?"

तुकडे जागच्या जागी बसवून दाखवायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. मला माझीच शिसारी आली. तरी मी डिकी लावून घेतली.

"अगं, म्हातारी माणसं मारतातच थोड्या बढाया," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहून तिने दगडवाल्याला फोन लावला.