रोपघरावर उलटा घातलेला कागद

मित्रांनो, मी रोपघराच्या छपरावरचा म्हातारा प्लास्टिकचा कागद आहे. उन्हाने पिवळा पडलो आहे, कडांना चिरा गेल्या आहेत आणि पाठीवर दोन ठिगळं आहेत. या वयात झालं गेलं विसरून जावं, असं माणसं म्हणतात. मी काहीही विसरलेलो नाही. माझ्याशी कोण कसं वागलं त्याचा चोख हिशेब माझ्याकडे आहे, आणि त्यातली सगळ्यात मोठी थकबाकी मी माझ्या हाताने वसूल केली आहे. हात मला नाहीत. तरीही कशी केली, तेच सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे दाणे वितळवून, खालून हवा भरून, घराएवढा उंच फुगा काढला. तो फुगा म्हणजे मी. माझ्या अंगाला दोन बाजू आहेत. बाहेरच्या बाजूत ऊन सोसायचं औषध आहे. आतल्या बाजूत असं औषध आहे की तिच्यावर वाफ जमली तरी थेंब बनत नाही. पाणी पातळ पसरतं आणि उतारावरून गुपचूप कडेला निघून जातं. हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल. कोवळ्या रोपांना विचारा.

माणसांना बाजू ओळखता यावी म्हणून माझ्या कडेला कारखान्याचं नाव निळ्या अक्षरांत छापलं. नियम सोपा: ही अक्षरं रोपघराच्या आत उभं राहून सरळ वाचता आली पाहिजेत.

मला घ्यायला दोघं आली. एक होती धाकटी. शिवणकामाचा कारखाना बंद पडला तेव्हा ती थोरल्या बहिणीकडे राहायला आली होती आणि आता रोपं तयार करून विकायचं तिच्या मनात होतं. दुसरा तिच्या बहिणीचा नवरा. ती त्याला दाजी म्हणे, म्हणून सगळी गल्लीच दाजी म्हणू लागली. त्याचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. अक्षर सुरेख, जीभ तिखट आणि दुसऱ्याचं ऐकायची सवय मुळीच नाही.

मागच्या अंगणावर दोघांचाही डोळा होता. दाजीला तिथे पाट्या वाळवायला शेड हवी होती, कारण घरात पाट्या जेवणाच्या टेबलापर्यंत आल्या होत्या. ताईने, म्हणजे थोरलीने, तोडगा काढला होता. एक हंगाम धाकटीचा. रोपं तगली तर अंगण तिचं, नाहीतर शेड. धाकटीला दुसरी जागा नव्हती आणि दुसरं कामही नव्हतं. हा हंगाम गेला, तर पुन्हा कुणाच्या तरी दारात काम मागायला उभं राहणं आलं.

दुकानात धाकटीने एकेक वस्तू बोटांत धरून पाहिली. कारखान्यात कापड पारखायची तशीच. हिरवी जाळी सावली देते, पण ऊब धरत नाही. पांढरं विरविरीत कापड नुसत्या वाफ्यावर टाकायला चांगलं. हवा, पाणी आत जातं, वारा बाहेर राहतो. ते तिने थोडं घेतलं. सामान बांधायचं पातळ प्लास्टिक स्वस्त, पण एका उन्हाळ्यात त्याचा चुरा होतो. प्लास्टिकचा जाड पोकळ पत्रा उत्तम, पण तिच्या ऐपतीबाहेरचा. मग तिने मला चिमटीत धरलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "हा द्या."

एवढं पारखून मला कोणी घेतलं नव्हतं. धाकटीच्या खात्यात मी त्याच दिवशी मोठी जमा मांडली.

ती क्लिपा निवडायला आत गेली तेव्हा दुकानदार दाजीला म्हणाला, "साहेब, एक लक्षात ठेवा. कागदावरची अक्षरं आतून सरळ दिसली पाहिजेत."

दाजी दुकानाच्या पाटीकडे बघत होता. "तुमच्या पाटीवरचा 'र' बघितलात का? पडायला आलाय बिचारा. कोणी रंगवली?"

"माझ्या मेव्हण्याने."

"तरीच."

माझी बाजू तिथेच बुडाली.

बांबूच्या कमानी उभ्या राहिल्या. मला वर चढवलं तेव्हा माझी अक्षरं आतून सरळ आणि रस्त्यावरून उलटी दिसत होती. अगदी बरोबर बसलो होतो मी. तेवढ्यात दाजी रस्त्यावर जाऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून.

"उतरवा ते! पाटीवाल्याच्या घरावर उलटी अक्षरं? लोक शेण घालतील तोंडात!"

"दाजी, दुकानदार काही म्हणाला होता का, कुठली बाजू वर?"

"त्याला काय कळतंय? त्याचा 'र' बघ आधी."

आणि मला पालथं केलं. माझं ऊन सोसणारं अंग आत कोंडलं आणि नाजूक अंग उन्हात पडलं. चांगला कोट उलटा घालून एखाद्याला लग्नाला पाठवावं तसं झालं. भिंतीशी टेकलेल्या खिडकीच्या जुन्या काचा मला खदाखदा हसल्या. त्या पुढे शेजारच्यांच्या चेंडूने फुटल्या. मी काही केलं नव्हतं, पण वाईटही वाटलं नाही.

धाकटीने बी पेरलं. टोमॅटो, ढोबळी मिरची, झेंडू. कोंब वर आले तेव्हा ती वाफ्यापाशी उकिडवी बसून त्यांच्याशी बोलायची. पण पहाटेच्या गारठ्यात माझ्या पोटावर वाफ जमायची आणि तिचे टपोरे थेंब व्हायचे. ते मला आवरत नव्हते. आवरायचं औषध दाजीने आभाळाकडे तोंड करून ठेवलं होतं. थेंब कोंबांवर पडत राहिले. माती ओली ती ओलीच. रोपांच्या माना जमिनीलगत काळ्या पडल्या आणि ती एकेक करून आडवी झाली.

दाजी दारातून डोकावला. "मी म्हणत नव्हतो? हे प्लास्टिकच भिकार. आणि रोपांना हात लागतो, हात! तो सगळ्यांना नसतो."

धाकटी वाफ्यापाशी खाली बसली. मेलेली रोपं उपटताना तिने मान वर केली नाही. पण मी वरून पाहत होतो, मला सगळं दिसत होतं. मित्रांनो, मला भिकार म्हटलेलं मी एक वेळ गिळलं असतं. पण स्वतःच्या चुकीचं बिल त्याने तिच्या हातांवर फाडलं. त्या क्षणी मी मनात गाठ मारली: दाजी, याची परतफेड होईल.

धाकटीने अर्धं बी मागे ठेवलं होतं. पण ते पेरायची तिची छाती होईना. माझा एक उरलेला तुकडा स्वयंपाकघरात पडला होता. तो बोटांत चोळताना ती थबकली.

"ताई, कापडाला उलट-सुलट असतं. याला नसेल कशावरून?"

तिने दोन पातेल्यांत गरम पाणी ओतलं. एकावर तुकड्याचा अर्धा भाग अक्षरं वर ठेवून झाकला, दुसऱ्यावर उरलेला अर्धा पालथा. थोड्या वेळाने दोन्ही उचलून पाहिले. एकाच्या खाली थेंबांची रांग लोंबत होती. दुसऱ्याच्या खाली पाणी तेलासारखं सपाट पसरलं होतं.

ताईने कपाळाला हात लावला. "अगं बाई! यांनीच उलटा घातला. थांब, आत्ता बोलावते आणि दाखवते."

"दाखवू की," धाकटी म्हणाली. "पण आधी त्यांना भिजू दे."

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग पदरात तोंड लपवून हसली. "भिजू दे मग. माझ्याही बऱ्याच वर्षांची बाकी आहे."

दाजी त्या दिवसांत स्वतःच्या दुकानाची नवी पाटी रंगवत होता. काळ्या जमिनीवर सोनेरी नाव, भोवती वेलबुट्टी. धूळ बसेल म्हणून तो घरात कुणाला जोरात चालू देत नव्हता.

संध्याकाळी धाकटी त्याच्यापुढे मान खाली घालून उभी राहिली. "दाजी, हरले मी. पाटी रोपघरात ठेवा वाळायला. वारा नाही, धूळ नाही. तुमच्या शेडची सुरुवात समजा."

दाजीचा चेहरा फुलला. "बघ, शहाणपण उशिरा का होईना, येतं!" त्याने पाटी आणून वाफ्यांच्या मधोमध फळ्यांवर आडवी ठेवली आणि तिच्याकडे एकदा प्रेमाने पाहिलं.

तो गेल्यावर धाकटीने रिकाम्या वाफ्यांना भरपूर पाणी दिलं आणि दार घट्ट बंद केलं. निघताना तिने माझ्याकडे वर पाहिलं. तिला माझी भाषा येत नाही. पण आमचं ठरलं.

बाहेर थंडी होती, आत माती उबदार होती. माझ्या पोटावर वाफ जमली आणि या वेळी मी थेंब थोपवायचा विचारही केला नाही. एकेक थेंब टपोरा होऊ दिला आणि नेम धरून सोडला. पहिला त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर. दुसरा वेलबुट्टीवर. एक "भिकार"बद्दल, एक "हात लागतो"बद्दल, आणि मग मोजायचं सोडून दिलं.

सकाळी दाजीची हाक साऱ्या गल्लीने ऐकली. सोनेरी रंगाला देवी आल्यासारखे खड्डे पडले होते आणि वेलबुट्टीला ओघळ फुटले होते. तो पाटीवर वाकला, तेव्हा राखून ठेवलेला एक थेंब मी त्याच्या टकलाच्या मधोमध सोडला. त्याने वर पाहिलं. दुसरा डोळ्यात.

"हे गळतंय! कागद फाटलाय!"

"फाटला नाही दाजी," धाकटी दारातून म्हणाली. "उलटा आहे." तिने दोन्ही पातेली आणून त्याच्यापुढे ठेवली आणि झाकणं उचलली.

दाजीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग ताईकडे पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं. "म्हणजे... तुम्ही दोघींनी माहीत असून माझी पाटी इथे ठेवू दिली?"

"माझी रोपं मेली तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?" धाकटीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हात लागतो म्हणालात. बघा ना मग. पाट्यांनाही हात लागतो."

दाजीने रुमालाने डोकं पुसलं, मग पाटी. पाटी आणखीच बिघडली. शेवटी तो पुटपुटला, "पाट्यांना ही जागा कामाची नाही. फार ओल आहे."

"म्हणजे अंगण?"

"घे बाई, तुझंच. आणि ती शिडी दे इकडे."

त्याने स्वतःच्या हातांनी मला सुलटं केलं. अर्धं बी पेरलं गेलं. एक थेंब म्हणून मी पडू दिला नाही. रोपं सरळ उभी राहिली, विकली गेली, आणि पुढच्या हंगामात लोक रोपांसाठी दाराशी थांबू लागले. दाजीला मात्र रोज घरी येताना, स्वतःच्या अंगणावर, निळ्या रंगातली उलटी अक्षरं बघावी लागत. गल्लीतला न्हावी हटकून विचारायचा, "काय दाजी, आरशात बघून रंगवलंत का?" ते व्याज मी बरीच वर्षं खाल्लं.

आता माझी जागा घ्यायला नवा कागद येतोय. मला उद्या उतरवतील. म्हणून शेवटचं सांगतो, मित्रांनो, आणि हे नीट ऐका. कोणत्याही वस्तूला कामाला लावण्याआधी तिचा स्वभाव विचारा, तिची बाजू विचारा. आणि बिघडलं तर आधी स्वतःचे हात तपासा, मग दुसऱ्याचे. आणि माझ्यासारखी वस्तू म्हातारी झाली म्हणून तिला शेकोटीत टाकू नका. माझा धूर टाकणाऱ्याच्याच छातीत बसतो. मातीत पुरूनही टाकू नका. धुऊन, घडी घालून भंगारवाल्याला द्या, म्हणजे माझे पुन्हा दाणे होतील.

नाही दिलंत, तरी हरकत नाही. मला कुजायला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात. डूख धरायला तेवढा वेळ पुष्कळ आहे.