करवतीचे लाड आणि मी, मेन स्विच

मी एक जुना मेन स्विच आहे. लोखंडी पेटी, बाजूला दांडा. एका सुताराच्या घरामागच्या खोलीत भिंतीवर असतो; घराची वीज वेगळी, या खोलीची तेवढी माझ्या हातात. मित्रांनो, माझ्या समोरच विजेची करवत बसते. तिचं नाव काढलं की माझा तिळपापड होतो.

आम्ही दोघं एकाच दिवशी या खोलीत आलो. तिला पाहायला शेजारपाजार लोटला. मला भिंतीवर ठोकताना खिळा वाकला, तर बोलणी मीच खाल्ली. पुढेही तेच. टेबल सुबक झालं की सुतार तिची पाठ थोपटायचा. तेल तिला, फडकं तिला, पांघरूणही तिलाच. आणि वीज कोणाकडून जायची? माझ्याकडून!

माझी कदर एकट्या मालकिणीला. पातं बदलायचं असलं की ती हजर.

“अहो, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चुकून कोपर लागलं तर?”

“अगं, मी काय कोपरानं सुतारकाम करतो?”

ती हसायची, पण सोडायची नाही. करवत थांबली की माझा दांडा खाली ओढायची, त्याला कुलूप घालायची आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात टाकायची. मग करवतीचं बटण दाबून बघायची. करवत गप्प! तेव्हा मला काय सुख व्हायचं म्हणून सांगू.

मालकीण वारली. सुतार दिवसभर कामात डोकं घालून राहू लागला. करवतीशी बोलायचासुद्धा. माझ्याकडे ढुंकून बघेना. दांड्यावर कोळ्यानं जाळं विणलं.

एका दुपारी फळी चिरताना लाइट गेली. फळी पात्यात अडकली. सुतार वाकला आणि त्यानं बोटं थेट करवतीच्या दात्यांशी नेली. तिचं बटण चालूच होतं. माझा दांडा वर. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

तेवढ्यात त्याची लेक दारात आली.

“बाबा! मेन पाडलास का?”

“लाइटच नाही. पाडू काय, कपाळ?”

“गेलेली लाइट काय दार वाजवून येते? हात काढ आधी!”

“अगदी आईवर गेलीस,” तो पुटपुटला. पण हात काढला. उठून दांडा ओढला, कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकताना जरा थांबला. इतकी वर्षं ती बायकोच्या हातानं पडायची.

फळी अर्धीच निघाली असेल, घरात पंखा घरघरला. लाइट आली होती. तेव्हा कुठे त्याला ते चालू बटण दिसलं. करवत मात्र हलली नाही. मी वाट अडवून बसलो होतो ना!

सुतार खाली बसला, बोटं मुठीत धरून. लेकही शेजारी बसली.

मग त्यानं बटण बंद केलं, फडकं घेतलं आणि पुसलं कोणाला? करवतीला!

असो. मित्रांनो, लाड तिचेच करा. तुम्ही लहान आहात, आम्हा दोघांनाही हात लावू नका. पण घरातलं मोठं माणूस तिच्या दातांपाशी हात नेऊ लागलं, तर लाइट असो वा नसो, आधी माझा दांडा खाली ओढायला आणि कुलूप घालायला लावा. किल्ली त्याच्याच खिशात राहू द्या. आणि नंतर फडकं हातात असलंच, तर म्हणावं, एकदा माझ्यावरूनही फिरवा. कोरडं असलं म्हणजे झालं.